कोरड्या वाऱ्याची बाजू

यासुनारी कावाबाता यांच्या 'युकिगुनी' या कादंबरीमुळे जपानमधला एक रेल्वेबोगदा जगभरच्या वाचकांच्या ओळखीचा झाला. गुन्मा आणि निइगाता या दोन प्रांतांच्या सीमेवर डोंगर पोखरून केलेला हा शिमिझु बोगदा १९३१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याची लांबी जवळजवळ पावणेदहा किलोमीटर. कादंबरीचा नायक त्यातून बाहेर पडतो तो थेट बर्फात. त्यामुळे जपानचा हिवाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोगद्याचं ते पलीकडचं टोक येतं. त्वचेची कथा मात्र अलीकडच्या टोकाला घडते. तिथे बर्फ नसतो. असतं निळंभोर आभाळ आणि अंगावरचं पाणी ओढून नेणारा वारा.

सायबेरियावरून निघालेले थंड वारे जपानच्या समुद्रावरून येतात. त्या समुद्रात त्सुशिमा हा उबदार प्रवाह वाहतो, त्याच्यावरून जाताना वारे भरपूर बाष्प उचलतात. मग मध्ये डोंगरांची रांग आडवी येते. सह्याद्री आपल्याकडे पावसाचं जे करतो तेच हे डोंगर बर्फाचं करतात: सगळा ऐवज पश्चिम उतारावर टाकायला लावतात. पलीकडे कान्तोच्या मैदानात उतरतो तो नुसता कोरडा वारा. गुन्मातली माणसं त्याला 'काराक्काझे' म्हणतात. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टोकियो आहे. जानेवारीत निइगाताच्या हवेतली आर्द्रता सरासरी सत्तर टक्क्यांच्या पुढे असते आणि टोकियोत ती पन्नासच्या आसपास घोटाळते. दुपारी तर पुष्कळदा त्याच्याही खूप खाली जाते. अकिता प्रांतातल्या बायकांच्या नितळ कांतीची जपानभर ख्याती आहे. तिचं श्रेय कुणी तांदळाला देतं, कुणी पाण्याला. ढगाळ आभाळ आणि ओलसर हवा यांचा वाटा मला त्यात मोठा वाटतो. टोकियोच्या नशिबी यातलं काहीच नव्हतं, म्हणून तिथल्या माणसांना उपाय शोधावे लागले.

या उपायांची जगभर पोहोचलेली ओळख म्हणजे बाटल्यांची रांग. आधी हे, मग ते, त्यावर तिसरं. दुकानदाराला ती सोयीची आहे. पण जपानी त्वचानिगेतला हिवाळ्यापुरता जो गाभा आहे, तो काय लावायचं याच्या आधी सुरू होतो. अंगात आहे ते पाणी जाऊ द्यायचं नाही, ही त्यातली पहिली गोष्ट. बाटलीचा क्रमांक बराच नंतर लागतो.

हे पाणी कुठे असतं आणि कसं जातं? त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर, स्ट्रेटम कॉर्नियम, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. तळवे आणि तळपाय सोडून. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, पण निकामी नसतात. पेशींच्या आत काही अमिनो आम्लं आणि त्यांच्यासारखे छोटे रेणू असतात, ते पाणी धरून ठेवतात. पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात: जवळजवळ निम्मे सेरामाइड, उरलेल्यात कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आतलं पाणी बाहेर झिरपू न देण्याचं काम या स्निग्ध थराचं. कढत पाणी, साबण आणि घासणी या तिघांचा मारा त्याच्यावरच होतो.

कोरड पडली की आणखी एक गोष्ट होते. मेलेल्या पेशी एकमेकींपासून सुटून रोज आपल्या नकळत गळत असतात. त्यांना सोडवणारी विकरं पाण्याशिवाय चालत नाहीत. पाणी कमी पडलं की पेशी सुटत नाहीत, पुंजक्यांनी लोंबत राहतात. नडग्यांवर दिसणारे पांढरे खवले ते हेच. ते मळ आहेत असं समजून आपण घासतो आणि उरलासुरला स्निग्ध थरही खरवडून काढतो. पाणी दिलं, वरून झाकलं, तर खवले दोन-चार दिवसांत आपोआप जातात.

सेरामाइडचं महत्त्व ओळखण्यात जपानी संशोधकांचा मोठा हात आहे. काओ ही १८८७ सालची कंपनी, आधी साबणासाठी प्रसिद्ध. तिथले गेंजी इमोकावा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅटोपिक त्वचादाह असलेल्यांच्या बाहेरच्या थरात सेरामाइड कमी असतं, आणि विशेष म्हणजे जिथे चट्टे नाहीत तिथेही कमी असतं. त्वचेचा कोरडेपणा हा आजाराचा नुसता परिणाम नसून मुळाशी असू शकतो, हा विचार त्यातून पुढे आला. १९९९ मध्ये काओने क्युरेल ही सेरामाइडवर बेतलेली उत्पादनं जपानच्या बाजारात आणली. साबण विकणाऱ्यांनीच साबणाने काय जातं याचा शोध लावावा, हे गमतीचं आहे.

धुण्याबद्दल जपानी शिस्त पक्की आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, न्हाताना साबण नव्हता. तांदळाचा कोंडा भरलेली कापडी पुरचुंडी असे. ती कोमट पाण्यात भिजवून अंगावरून फिरवायची. कोंड्यातला थोडा स्निग्धांश अंगावर राहत असे. आज तिची जागा जाळीच्या एका फडक्याने घेतली आहे, ते कुठल्याही शंभर येनच्या दुकानात मिळतं. त्यात फेसवॉश घोळवून ओंजळभर घट्ट फेस करायचा आणि तो चेहऱ्यावर ठेवायचा. बोटं गालाला लागता कामा नयेत, फक्त फेस लागावा. पाणी कोमट. नंतर टॉवेल नुसता टेकवायचा, पुसायचं नाही.

हा बोटं न लावण्याचा नियम सौंदर्यतज्ज्ञांचा नखरा वाटू शकतो. पण १९८०च्या सुमारास जपानी त्वचारोगतज्ज्ञांच्या एक गोष्ट लक्षात आली: गळ्याजवळची हाडं, पाठीचे मणके, खांदे अशा हाड वर आलेल्या जागी काळपट पट्टे घेऊन रुग्ण येत होते. कारण निघालं नायलॉनचे टॉवेल. जोमाने अंग घासायच्या सवयीने रंगद्रव्य खालच्या थरात गळून तिथेच अडकलं होतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनाही हे डाग चांगले ओळखीचे आहेत. आपल्याकडे हात, पाय आणि पाठ वर्षानुवर्षं घासणीने घासली जातात, डाग दिसला की तो मळ समजून आणखी घासला जातो.

चेहऱ्याची दुहेरी सफाई, आधी तेलाने आणि मग फेसाने, हा जपानी प्रकार आता सगळीकडे पसरला आहे. हॉलिवूडमध्ये रंगभूषाकार म्हणून काम केलेल्या शू उएमुरा यांनी १९६७ मध्ये सफाईचं तेल बाजारात आणलं. तेलात तेल विरघळतं, म्हणून जाड मेकअप न घासता निघतो. तर्क बरोबर आहे. पण जी बाई मेकअपच करत नाही तिने थंडीत रोज दोनदा चेहरा धुण्यात काय मिळवायचं, हे मला कळलेलं नाही. सकाळी तर नुसतं पाणीही पुरतं.

अंघोळीचा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे. जपानी माणूस हौदाबाहेर अंग धुतो आणि स्वच्छ होऊन गरम पाण्यात बसतो. तेच पाणी घरातली बाकीची माणसंही वापरतात. चाळीस अंशांच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं, असा सल्ला तिथले डॉक्टर देतात. बेचाळीसच्या वर गेलात तर अंगाची खाज वाढते. हौदात पहिल्यांदा उतरण्याचा मान म्हाताऱ्यांना देऊ नये, असं जुनी माणसं सांगत. अगदी ताजं, कोरं पाणी अंगाला बोचतं, दोघं-चौघं बसून गेल्यावर ते मऊ होतं, असा अनुभव. पाण्यात काहीतरी घालण्याची प्रथा याच्याशी जुळते. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी हौदात युझु ही सुवासिक लिंबं तरंगत सोडतात. त्सुमुरा या औषध कंपनीने १९३० मध्ये बाथक्लिन ही पाण्यात विरघळणारी पूड काढली आणि घरातल्या हौदातही गरम झऱ्याचं थोडंफार सुख आलं.

गरम झऱ्यांचा उल्लेख निघालाच आहे तर एक इशारा. 'सुंदरींचं पाणी' म्हणून मिरवणारे बरेचसे झरे अल्कधर्मी आहेत. त्यात उतरलं की अंग बुळबुळीत, रेशमासारखं लागतं, कारण ते पाणी अंगावरच्या तेलाचाच थोडा साबण करतं. बाहेर आल्यावर सुंदरी आधी होती त्याहून कोरडी असते. म्हणून तिथे कपडे बदलायच्या खोलीत लोशनच्या बाटल्या हाताशी ठेवलेल्या असतात. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, शक्यतो त्याच खोलीत लावायचं, ही सवय उगीच पडलेली नाही. ओल टिकते तेवढी काही मिनिटंच हाताशी असतात.

आता बाटल्यांकडे येऊ. जपानी निगेतली सगळ्यात जपानी बाटली म्हणजे पाण्यासारखं पातळ लोशन, 'केशोसुइ'. त्याचा एक जुना अवतार आपल्या परसात आहे: घोसाळं. शरदात घोसाळ्याचा वेल जमिनीपासून हात-दीड हातावर कापायचा, मुळाकडचं टोक बाटलीत खुपसून ठेवायचं. मूळ रात्रभर पाणी ओढत राहतं आणि थेंबथेंब बाटली भरते. एदोतल्या बायका ते चेहऱ्याला लावत. कफावरही ते औषध मानलं जाई. क्षयाने अंथरुणाला खिळलेले हायकूकार मासाओका शिकी यांच्या टोकियोतल्या घराच्या अंगणात घोसाळ्याचा मांडव होता. १९०२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी लिहिलेले शेवटचे तिन्ही हायकू घोसाळ्यावर आहेत. आपण घोसाळ्याची भजी केली आणि सुकलेल्या घोसाळ्याने भांडी नि पाठ घासली. वेलाच्या पाण्याकडे काही आपलं लक्ष गेलं नाही.

लोशनचा धंदाही जुना. सार्वजनिक स्नानगृहातल्या गप्पांवर 'उकियोबुरो' ही विनोदी कादंबरी लिहिणारे शिकितेइ सांबा यांनी १८११ मध्ये 'एदो नो मिझु' नावाचं लोशन विकायला काढलं आणि आपल्याच पुस्तकांतून त्याची जाहिरात केली. लेखकाने जोडधंदा करावा तर असा. १८७२ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात औषधाचं दुकान म्हणून शिसेइदो ही कंपनी सुरू झाली; तिने १८९७ मध्ये आणलेलं युडरमिन हे लाल रंगाचं लोशन तिच्या सौंदर्यप्रसाधनांची सुरुवात ठरलं. योगायोग असा की १८७२ मध्येच रॉबर्ट चेसब्रो यांना अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट मिळालं. पुढची दीडशे वर्षं थंडीतल्या त्वचेची निगा या दोन टोकांमध्ये चालली आहे: एकीकडे पाणी, दुसरीकडे ग्रीस.

नुसतं पाणी चेहऱ्यावर मारलं तर ते काही मिनिटांत उडून जातं. लोशनमध्ये ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल असे पाणी पकडणारे पदार्थ असतात, म्हणून ते थोडं टिकतं. रोहतो कंपनीच्या हाडा लाबो या २००४ सालच्या लोशनने हायलुरॉनिक आम्ल घराघरांत नेलं. ते बनवणाऱ्यांत मेयोनीझसाठी प्रसिद्ध असलेली क्युपी कंपनीही आहे. कोंबड्यांच्या तुऱ्यांतून ते काढायला तिने १९८०च्या दशकात सुरुवात केली. पण हवा फार कोरडी असेल तर हे पदार्थ पकडून ठेवलेलं पाणी हवेच्याच स्वाधीन करतात. लोशननंतर दूध किंवा क्रीम हा जपानी क्रम इथे अर्थपूर्ण होतो: पाणी आधी, झाकण नंतर. अ‍ॅल्बियन ही जुनी जपानी कंपनी मात्र आधी दूध आणि मग लोशन सांगते, आणि तिचेही निष्ठावंत ग्राहक पुष्कळ आहेत. शेवटी स्निग्ध थर बसला म्हणजे झालं, क्रमावरून भांडायचं कारण नाही.

२००३ मध्ये सौंदर्यतज्ज्ञ चिझु साएकी यांचं पुस्तक आलं. त्यांची हयात गेर्लां आणि दिओर या महागड्या फ्रेंच कंपन्यांत गेली होती आणि पुस्तकाच्या नावाचा अर्थ होता, सौंदर्यप्रसाधनांवर विसंबू नका. कापूस पाण्यात भिजवून पिळायचा, त्यावर लोशनचे थोडे थेंब, त्याचे पातळ पदर काढून तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचे. तीनच. कापूस चेहऱ्यावरच वाळू दिला तर उलटा त्रास. घरातलं कुठलंही स्वस्त लोशन त्यांना चाले. साएकी २०२० मध्ये वारल्या. कापसाचे पदर अजून टिकून आहेत.

किती लावायचं याचं माप जपानी दवाखान्यांत छान सांगतात. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं. आणि पुरेसं लागलं का हे बघायचं असेल तर टिश्यू पेपर अंगावर ठेवा: चिकटून राहिला पाहिजे. या कसोटीला आपण बहुतेक जण नापास होऊ. वाटाण्याएवढं क्रीम दोन्ही पायांना पुरवायची आपली सवय आहे.

जपानी म्हणजे सौम्य, असा समज करून घेतलेल्यांनी दोन घटना माहीत करून घ्याव्यात. २०११ च्या सुमारास 'चा नो शिझुकु' या चहायुक्त साबणाचं प्रकरण उघड झालं. त्यात गव्हाचं विघटित प्रथिन होतं. रोज तोंड धुता धुता ते त्वचेतून शरीराच्या ओळखीचं झालं, शत्रू म्हणून, आणि मग पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर माणसांना गंभीर अ‍ॅलर्जी होऊ लागली. बाधितांची संख्या दोन हजारांहून जास्त भरली. जुलै २०१३ मध्ये कानेबोला रोडोडेनॉल हा घटक असलेली गोरेपणाची उत्पादनं परत मागवावी लागली, कारण १९ हजारांहून अधिक ग्राहकांच्या त्वचेवर कोडासारखे पांढरे डाग पडले. रोडोडेनॉलला सरकारी मान्यता होती. साबणाच्या प्रकरणातून संशोधकांना फार महत्त्वाचं कळलं: खाण्याची वस्तू फाटक्या त्वचेतून आत गेली तर शरीर तिला वैरी ठरवू शकतं. बाळाच्या सोललेल्या गालाला पीठ, दूध, बदाम चोळण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

बाळांवरून आणखी एक. टोकियोच्या राष्ट्रीय बालआरोग्य केंद्राने २०१४ मध्ये ११८ नवजात बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावलं त्यांच्यात एक्झिमाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी कमी निघालं. जगभर आशा पालवल्या. मग २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १,४०० बाळांवर तोच प्रयोग झाला आणि काही फरक दिसला नाही. आज कोरड्या अंगाच्या बाळाला मलम लावणं योग्यच आहे. प्रत्येक बाळाला लावलं की आजार टळेल, असं मात्र म्हणता येत नाही.

आणि हिरुडॉइड. हेपारिनसारख्या घटकाचं हे मलम जपानमध्ये १९५४ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, कोरड्या त्वचेला उत्तम. महागड्या क्रीमपेक्षा भारी, अशी त्याची ख्याती नियतकालिकांतून आणि समाजमाध्यमांतून झाली आणि ठणठणीत बायका विम्याच्या पैशाने ते लिहून घेऊ लागल्या. २०१७ मध्ये आरोग्यविमा संघांच्या महासंघाने असा खर्च वर्षाला ९३० कोटी येनच्या घरात असावा, असा अंदाज मांडला, आणि सुरकुत्यांसाठी हे औषध वापरू नका, असं सांगायची पाळी खुद्द उत्पादकांवर आली.

हवेकडे बघण्याची जपानी नजर मला या सगळ्याहून उपयोगी वाटते. शून्य अंशाच्या हवेत एका घनमीटरला जेमतेम पाच ग्रॅम बाष्प मावतं, वीस अंशाच्या हवेत सतरा ग्रॅम. बाहेरची साठ टक्के आर्द्रतेची थंड हवा घरात घेऊन नुसती तापवली, तर तिची आर्द्रता सतरा-अठरा टक्क्यांवर येते. मग ती पाणी मिळेल तिथून घेते, ओठांतून, डोळ्यांतून, नडग्यांतून. म्हणून जुन्या घरांत रॉकेलच्या शेगडीवर पाण्याची किटली सदा ठेवलेली असे. आता घरोघरी बाष्प सोडणारी यंत्रं आहेत. ज्यांच्याकडे नाहीत ते रात्री ओला टॉवेल खोलीत टांगतात. १९७० च्या इमारत आरोग्य कायद्यानुसार मोठ्या कार्यालयांत आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवणं बंधनकारक आहे. हिवाळ्यात पुष्कळ इमारतींना ती चाळिशी गाठता येत नाही, पण निदान मोजतात तरी. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी घरंही आहेत. स्वस्तातलं आर्द्रतामापक तिथे भिंतीवर असणं हे महागड्या क्रीमपेक्षा जास्त कामाचं.

हातांकडे जपानने वेगळं लक्ष दिलं. घरात गरम पाण्याचा नळ नव्हता तेव्हा धुणंभांडी बर्फगार पाण्यात चालत. कावासाकीतल्या एका औषधविक्रेत्याने गिऱ्हाईक बायकांचे फुटलेले हात बघून १९५७ मध्ये युस्किन हे ग्लिसरीनचं भरपूर प्रमाण असलेलं क्रीम तयार केलं. त्याचा पिवळाधमक रंग जीवनसत्त्व बी-२ मुळे. ते आजही मिळतं, कापराचा वास तसाच. रात्री लावून वर सुती हातमोजे घालायचे, हा त्याच्या बरोबरीने चालत आलेला उपाय.

आपल्याकडे पुण्या-नाशकाच्या थंडीत दुपारची आर्द्रता तिशीच्या आसपास उतरते. दिवाळीच्या पहाटे आपण आधी तेल लावतो आणि मग उटणं, हा क्रम चांगलाच आहे. त्यानंतर बंबातलं कढत पाणी आणि सुवासिक साबणाची वडी येते आणि तेल सगळं वाहून जातं. त्यातून बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चोथा अंगावर बसतो. जपानच्या नळाला बहुतेक ठिकाणी मऊ पाणी येतं, हा फरक मोठा आहे. उटणं हलक्या हाताने लावलं, साबण काखा-जांघांपुरता ठेवला, आणि थोडं तेल अंघोळीनंतर ओल्या अंगावर लावलं तरी काम होतं. कोणतं तेल? जपानच्या इझु-ओशिमा बेटावरचं कॅमेलियाचं तेल कीर्तीवंत आहे, पण ऑलिव्हसारखंच त्यात ओलेइक आम्ल फार असतं. ऑलिव्ह तेलाने त्वचेचा थर कमकुवत होतो, असं २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. केसांना कॅमेलिया ठीक. अंगाला आपलं खोबरेल बरं.

टाचांसाठी कोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल आहे. खोलीच्या तापमानाला ते घट्ट राहतं, कारण त्यात स्टिअरिक आम्ल जास्त; चमच्यात वितळवून भेगेत सोडलं की तिथेच थिजून बसतं. जपानी औषधदुकानांत टाचांना युरियाचं क्रीम देतात, दहा ते वीस टक्क्यांचं, ते जाड कातडी मऊ करतं. पण उघड्या भेगेला युरिया भयंकर झोंबतो. रक्त दिसत असेल तर आधी मुठेल किंवा व्हॅसलिन, वर सुती मोजे. भेग मिटली की मग युरिया. मधुमेह असेल तर टाचेची भेग घरी न हाताळता डॉक्टरला दाखवावी.